नाशिक येथील परावैद्यक प्रशिक्षण संस्था : मान्यता प्रस्तावाच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

विश्वस्त मंडळाच्या आजच्या सभेत परावैद्यक (पॅरामेडिकल) प्रशिक्षण संस्था सुरू करण्याचा ठराव संमत झाला आणि शासनमान्यतेच्या प्रस्तावाचे काम माझ्याकडे सोपवण्यात आले. उद्या ही फाइल दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर कोणता निर्णय कोणत्या कारणाने झाला हे त्याला शोधत बसावे लागू नये, म्हणून आजपासून तारीखवार नोंदी ठेवत आहे.

ठरावात प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान आणि डायलिसिस तंत्रज्ञान असे तीन पदविका अभ्यासक्रम असून प्रत्येकी साठ जागांची अपेक्षा नोंदवली आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून आमच्या दवाखान्यात येणारी कुटुंबे बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींसाठी नर्सिंगखेरीज दुसरे काय आहे, असे नेहमी विचारतात. त्यांना रीतसर शिक्षण नाशिकमध्येच आणि परवडेल अशा शुल्कात मिळावे, हा मंडळाचा हेतू आहे आणि तो मला मनापासून पटतो. साठ या आकड्याचा आधार मात्र इतिवृत्तात आलेला नाही. तो आधार शोधणे, आणि नसेल तर आकडा बदलण्याची शिफारस करणे, हे या कामातील पहिले कर्तव्य मी मानतो.

२२ एप्रिल २०२५

अर्ज कोणत्या मार्गाने करायचा, याचा अभ्यास पूर्ण झाला. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा अधिनियम २०२१ साली संसदेने संमत केला आणि या क्षेत्राला प्रथमच देशपातळीवर एक कायदेशीर चौकट मिळाली. व्यवसायांचे दहा गट केलेल्या या कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या करतानाच त्याची पदविका किंवा पदवी दोन ते चार वर्षांत विभागलेली आणि किमान २,००० तासांची असावी, असे म्हटले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी हीच मर्यादा तीन ते सहा वर्षे आणि किमान ३,६०० तास अशी आहे. राज्य परिषद स्थापन झाल्यावर नवी संस्था, नवा अभ्यासक्रम किंवा वाढीव प्रवेशक्षमता यांपैकी कशासाठीही तिची पूर्वपरवानगी आवश्यक ठरते. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी मुदत घालून दिली होती, त्यामुळे जुन्या पद्धतीने काम निघून जाईल या भरवशावर राहणे योग्य होणार नाही.

मंडळातील दोन सदस्यांचा ओढा महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवीकडे होता आणि ते स्वाभाविक आहे, कारण १९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. विद्यापीठाची परावैद्यक तंत्रज्ञानातील पदवी तीन वर्षे अधिक एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप) अशी आहे. तेवढा काळ विद्यार्थ्याला निरनिराळ्या विभागांत काम देईल असे मोठे रुग्णालय सोबत असल्याशिवाय ती पदवी नीट शिकवता येईल, असे मला वाटत नाही. आमच्यासोबत यायला तयार असलेले रुग्णालय शंभर खाटांचे आहे. म्हणून दोन वर्षांची पदविका, राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे अर्ज, शासनाची परवानगी आणि केंद्रीय कायद्याखालील पूर्तता, असा मार्ग सुचवणारी टिपणी मंडळापुढे ठेवली व ती मान्य झाली.

१६ मे २०२५

न्यासाची कागदपत्रे एकत्र केली. नोंदणी दाखला, घटना, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, हे सर्व जागेवर आहे. घटनेच्या उद्देशांत आरोग्यविषयक शिक्षण व प्रशिक्षण असा उल्लेख आधीपासून असल्यामुळे घटनादुरुस्तीची गरज पडली नाही. शेड्यूल वन, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील न्यासाच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर मात्र दिवंगत विश्वस्तांची नावे अद्याप असून नव्या विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) सुनावणीस आहे. प्रस्तावावर ज्यांच्या सह्या असतील, त्यांची नावे उताऱ्यावर दिसलीच पाहिजेत, म्हणून वकिलांना लवकरची तारीख मागण्यास सांगितले आहे.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. दिंडोरी रस्त्यालगतची जी इमारत आपण पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेणार आहोत, ती दुसऱ्या एका सार्वजनिक न्यासाच्या मालकीची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, आणि तो अर्ज मालक न्यासानेच करावयाचा असतो. आधी तीन वर्षांचा करार करून पुढे तो वाढवत जावे, अशी सूचना आली होती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची दुसरी तुकडी बाहेर पडण्याच्या वेळीच असा करार संपेल, आणि मान्यता देणाऱ्या प्राधिकरणाने तो का स्वीकारावा याचे उत्तर आमच्याजवळ नसेल, असे मी लेखी कळवले. मालक न्यासाने कलम ३६ खालील अर्ज करण्याचे मान्य केले आहे.

११ जून २०२५

वास्तुविशारदांसोबत इमारतीची पाहणी केली. भोगवटा दाखल्यावर वापर शैक्षणिक असाच आहे, त्यामुळे वापर बदलाची परवानगी घ्यावी लागणार नाही. अग्निशमन यंत्रणा बसवलेली आहे, पण परवानाधारक संस्थेने दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे ब नमुन्यातील प्रमाणपत्र मागील वेळी घेतलेले नाही. ते जुलैत मालक न्यासाने घ्यावे असे ठरले.

प्रवेशद्वारापाशी जोते ६० सेंटीमीटर उंच असून तेथील उतार जेमतेम तीन मीटर लांबीचा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण धरले, तर ७.२ मीटर लांबी लागते. वास्तुविशारदांनी टेप लावून दाखवले की सरळ रेषेत तेवढी जागा नाही, पण मध्ये सपाट टप्पा घेऊन उतार वळवता येतो. हे काम पावसाळ्यानंतर न ठेवता लगेच करावे, असा आग्रह मी धरला आहे, कारण आरोग्य शिकवणाऱ्या संस्थेच्या दारात चाकाची खुर्ची अडणे मला कोणत्याही अर्थाने चालणारे नाही.

४ जुलै २०२५

या आठवड्यातील सकाळी सहयोगी रुग्णालयात घालवल्या. प्रस्तावाच्या नमुन्यात रुग्णालयासाठी खाटांची संख्या, नोंदणी क्रमांक आणि सामंजस्य करार एवढेच रकाने भरून भागते. विद्यार्थी तेथे प्रत्यक्ष काय करील, हे त्या रकान्यांतून कळत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण प्रस्तावाचे मूल्य त्याच एका प्रश्नावर ठरते.

प्रयोगशाळेत सकाळी सात ते दहा हा रक्त घेण्याचा वेळ असतो. तेथील ज्येष्ठ तंत्रज्ञ ताई प्रत्येक रुग्णाला त्याचेच नाव त्याच्याच तोंडून विचारतात आणि नळीवर चिठ्ठी रुग्णासमोरच लावतात. जांभळ्या झाकणाची नळी भरली की ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करतात, आणि हे करताना बोलणे थांबवतात. नळी जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, हलवलीच नाही तर रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि दोन्ही वेळी यंत्र जो आकडा देते तो रुग्णाचा नसतो. नवशिक्याला हे पुस्तकातून समजते, पण हात बसायला बरेच दिवस कोणाच्या तरी नजरेखाली काम करावे लागते. एका वेळी दोन विद्यार्थ्यांकडे मी नीट लक्ष देऊ शकेन, तिसरा आला की माझे लक्ष रुग्णावरून उडेल, असे ताईंनी स्पष्ट सांगितले. हे वाक्य मी प्रस्तावाच्या टिपणीत जसेच्या तसे घेणार आहे.

डायलिसिस विभागात सहा यंत्रे आहेत, दोन पाळ्या चालतात आणि विभाग आठवड्याचे सहा दिवस सुरू असतो. एक सत्र साधारण चार तासांचे, आणि मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने एका सत्राला १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. म्हणून तेथील तंत्रज्ञाचा दिवस रुग्णापासून सुरू न होता पाण्यापासून सुरू होतो. पहिला रुग्ण यंत्रावर घेण्याआधी पाण्यातील क्लोरीन तपासून त्याची नोंद वहीत केली जाते. त्यानंतर तंत्रज्ञांनी एका रुग्णाच्या परवानगीने माझा तळहात त्या रुग्णाच्या मनगटावरील फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी धमनी व शीर जोडून केलेल्या जागेवर ठेवला. कातडीखाली सतत थरथर जाणवते. ती थरथर हाताला लागली नाही तर सुई घालायची नाही आणि तत्काळ डॉक्टरांना कळवायचे, हा पहिला धडा. शस्त्रक्रियेने तयार केलेली ती नस म्हणजे त्या रुग्णाचे जगण्याचे साधन आहे, आणि शिकाऊ हाताने ती बिघडवणे आम्हाला परवडणार नाही.

२८ जुलै २०२५

प्रवेशक्षमतेची टिपणी मंडळापुढे मांडली. डायलिसिससाठी मी एका सत्राला एका रुग्णामागे एकच विद्यार्थी हा नियम धरला. सहा यंत्रे आणि दोन पाळ्या मिळून दिवसाला बारा सत्रे होतात. दोन्ही वर्षांच्या तुकड्या एकाच वेळी असतील तेव्हा पहिल्या वर्षाला आठवड्यातील तीन दिवस आणि दुसऱ्या वर्षाला उरलेले तीन दिवस मिळतील. म्हणजे एका तुकडीत बाराहून अधिक विद्यार्थी बसत नाहीत, आणि रुग्ण संमती देणार नाहीत किंवा यंत्र दुरुस्तीत असेल असे दिवस गृहीत धरले, तर दहा हाच प्रामाणिक आकडा आहे. प्रयोगशाळेसाठी रक्तसंकलन, रक्तशास्त्र, जीवरसायन व सूक्ष्मजीवशास्त्र अशा टेबलांवर विद्यार्थी आळीपाळीने फिरवून वीस जागा निघतात.

क्ष-किरण अभ्यासक्रम पहिल्या वर्षी घेऊ नये, अशी शिफारस केली. रुग्णालयात एकच यंत्र असून दिवसपाळीला एकच तंत्रज्ञ आहे. शिवाय बारावीनंतर येणारे काही विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेनुसार किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्या प्रौढ कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा चालते, तर सोळा वर्षांवरील प्रशिक्षणार्थ्याला वर्षाला केवळ ६ मिलिसिव्हर्ट. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला), त्याची तिमाही तपासणी आणि विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याची देखरेख यांची तजवीज पक्की झाल्याशिवाय मुलांना त्या खोलीत उभे करणे मला मान्य नाही.

चर्चा लांबली. कोषाध्यक्षांचे म्हणणे वजनदार होते : एकशे ऐंशी जागांऐवजी तीस जागांवर शिक्षकांचे पगारही निघणार नाहीत, आणि शुल्क वाढवले तर ज्या मुलांसाठी हे करतो आहोत तीच बाहेर राहतील. एका सदस्यांनी सुचवले की अर्ज साठ जागांचाच करावा, शासन कमी करील तेवढे करील. त्यावर अध्यक्ष म्हणाले, की आपण मागितलेल्या जागा मिळाल्या तर भरण्याचा मोह आपल्यालाच होईल, तेव्हा जेवढे शिकवू शकतो तेवढेच मागावे. अखेर तीस जागांचा ठराव झाला, आणि पहिल्या तीन वर्षांची तूट न्यासाच्या राखीव निधीतून सोसण्याची तरतूद त्याच ठरावात करण्यात आली. या सभेबद्दल मला मंडळाविषयी मनापासून आदर वाटतो.

१ सप्टेंबर २०२५

विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम या शैक्षणिक वर्षापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली आहे. हाताने शिकायचे काम पत्राद्वारे शिकवता येत नाही, ही भूमिका आता अधिकृत झाली, याचे समाधान आहे. आमच्या प्रस्तावातील प्रत्यक्ष तासांच्या वाटणीलाही त्यामुळे बळ मिळाले.

ती वाटणी आज अंतिम केली. दोन वर्षांत एकूण २,४०० तास, त्यांपैकी १,००० तास रुग्णालयात. पहिल्या सत्रात विद्यार्थी संस्थेच्या प्रयोगशाळेतच राहतील. याचे एक कारण लसीकरणाचे आहे. कावीळ ब ची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत द्यावी लागते, आणि डायलिसिस विभाग व रक्तसंकलन ही दोन्ही त्या विषाणूच्या संसर्गाची ठिकाणे आहेत. प्रवेशाच्या दिवशी पहिली मात्रा आणि तिसऱ्या मात्रेनंतर प्रतिपिंडांची तपासणी झाल्यावरच सुई हातात, असा क्रम वेळापत्रकात बांधून टाकला आहे. लसीचा खर्च संस्थेचा राहील.

१८ सप्टेंबर २०२५

जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था लागली. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी व निळी अशी विभागणी, सूक्ष्मजीव प्रयोगशाळेतील कचऱ्यावर जागेवरच पूर्वप्रक्रिया, आणि ४८ तासांपलीकडे साठवण नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे प्राधिकारपत्रासाठी अर्ज केला. उतार बांधून झाला. चेंज रिपोर्ट मंजूर झाला, नवा उतारा हाती आला.

१३ ऑक्टोबर २०२५

प्रस्ताव सादर करून पोच घेतली. पृष्ठांकन, अनुक्रमणिका, शपथपत्र, मुदत ठेवीची पावती आणि प्रक्रिया शुल्काची पावती हे सारे सचिवांनी व मी दोघांनी स्वतंत्रपणे तपासले. नमुन्यात न मागितलेले एक परिशिष्ट आम्ही जोडले आहे : सहयोगी रुग्णालयातील तीन महिन्यांच्या तपासण्या व डायलिसिस सत्रांचा महिनावार गोषवारा, आणि त्यावरून तीस जागांचा हिशेब कसा आला याचे विवरण. सल्लागार म्हणाले, न मागितलेला कागद जोडला की नवे प्रश्न येतात. हा प्रश्न आम्हाला विचारला जावा, अशीच माझी इच्छा आहे.

१४ नोव्हेंबर २०२५

त्रुटिपत्र आले. तीन मुद्दे आहेत. भाडेपट्ट्यास कलम ३६ ची मंजुरी जोडलेली नाही. तो आदेश मागील आठवड्यात झाल्यामुळे त्याची प्रमाणित प्रत आणि नोंदणीकृत भाडेपट्टा लगेच पाठवता आला. रुग्णालयाची शुश्रूषागृह नोंदणी ३१ मार्च २०२६ रोजी संपते, त्यामुळे नूतनीकरणाचे हमीपत्र हवे. ते रुग्णालयाने दिले. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता : सामंजस्य करारात विद्यार्थ्यांवर देखरेख कोणाची, हे नमूद नाही. करारात आता तीन कलमे वाढवली आहेत. प्रत्येक पाळीला जबाबदार तंत्रज्ञाचे पदनाम, दोनपेक्षा अधिक विद्यार्थी एका तंत्रज्ञाकडे न देण्याची अट, आणि रुग्णाची संमती नसेल तर विद्यार्थ्याने मागे राहण्याचा नियम. देखरेख करणाऱ्या तंत्रज्ञांना संस्थेकडून मानधन द्यावे, ही माझी सूचनाही मान्य झाली. शिकवणे हे त्यांच्या नोकरीच्या कामात धरलेले नसते आणि त्यांच्या चांगुलपणावर अभ्यासक्रम उभा करणे न्याय्य नाही.

११ डिसेंबर २०२५

तपासणी समिती येऊन गेली. इमारतीत वर्गखोल्या मोजल्या, सूक्ष्मदर्शक मोजले, शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रे आणि नियुक्तिपत्रे पाहिली, ग्रंथालयाची दाखलनोंदवही पाहिली. हे अपेक्षित होते. रुग्णालयात मात्र समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मांडून ठेवलेल्या फाइल्स बाजूला ठेवून डायलिसिस विभागाची वही मागितली. परिशिष्टातील ऑगस्ट महिन्याची सत्रसंख्या त्यांनी वहीतील नोंदींशी बोट ठेवून जुळवली, मग पाण्याच्या तपासणीची वही उघडून त्याच तारखांची क्लोरीनची नोंद पाहिली. नंतर त्यांनी तंत्रज्ञांना थेट विचारले, तुमच्याकडे दहा विद्यार्थी आले तर पहिल्या दिवशी काय शिकवाल. तळहात ठेवायला शिकवीन, असे उत्तर आले. ते सदस्य काहीही बोलले नाहीत, फक्त पुढील पान उलटले. अहवालात काय लिहिले जाईल हे आम्हाला ठाऊक नाही, परंतु तपासणी अशीच व्हावी आणि प्रत्येक संस्थेची व्हावी, असे मला फार वाटते.

२२ जानेवारी २०२६

अहवाल शासनाकडे गेल्याचे कळले. निर्णय अद्याप व्हायचा आहे. दरम्यान जानेवारीचे अग्निशमन प्रमाणपत्र घेऊन त्याची प्रत फाइलला लावली. ३१ मार्चपूर्वी रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण झाल्याची प्रत मिळवणे बाकी आहे.

प्रवेशाविषयी चौकशी करणारे पालक आता कार्यालयात येऊ लागले आहेत. पेठहून आलेल्या एका वडिलांनी मुलीचे नाव आधी लिहून घ्या, पैसेही भरतो, अशी विनंती केली. माहितीपत्रकाचा मसुदाही कोणी तरी उत्साहाने छापखान्यात दिला होता. तो थांबवला आहे. अंतिम परवानगीचा आदेश हाती येईपर्यंत जाहिरात, नावनोंदणी किंवा कोणतीही रक्कम स्वीकारली जाणार नाही, असे परिपत्रक आज अध्यक्षांच्या सहीने काढले. त्या वडिलांना मी आपल्या अर्जाची सद्यस्थिती जशी आहे तशी सांगितली, आणि मान्यता वेळेत आली नाही तर मुलीचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून सध्या मान्यता असलेल्या संस्थांत अर्ज कसा करायचा, मान्यतेचा आदेश कसा मागून पाहायचा, हे कागदावर लिहून दिले.